मसुदा, मुदत आणि भाषा : पश्चिम घाट अहवालाच्या संदर्भात सहभागी शाश्वत विकासातील संवादाचा विचार

शाश्वत विकासावरील लेखनात 'सहभाग' आणि 'संवाद' हे शब्द आता जोडशब्दासारखे येतात. १९८७ च्या ब्रुंडलँड अहवालाने संकल्पना रूढ केली. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातील दहाव्या तत्त्वाने पर्यावरणाचे प्रश्न संबंधित नागरिकांच्या सहभागाने हाताळावेत आणि त्यासाठी शासनाकडील माहिती नागरिकांना मिळावी, असे सांगितले. त्यानंतर असा एकही धोरण-दस्तऐवज निघाला नसेल ज्यात लोकसहभागाचा उल्लेख नाही. मात्र आपल्या महाविद्यालयांत संवादशास्त्र शिकवले जाते ते प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक आणि अडथळे या पाच खणांत. १९६२ साली एव्हरेट रॉजर्स यांनी मांडलेला नवकल्पनांच्या प्रसाराचा सिद्धान्त त्याला जोडला जातो आणि विद्यार्थी असे समजून बाहेर पडतो की विकासातील संवाद म्हणजे आधीच ठरलेली चांगली गोष्ट लोकांच्या गळी उतरवणे.

या समजुतीवर जुनी आणि समर्थ टीका उपलब्ध आहे. पाउलो फ्रेरे यांनी १९६९ मध्ये चिलीतील कृषिविस्ताराच्या अनुभवावरून विचारले होते की कृषितज्ज्ञ शेतकऱ्यापर्यंत ज्ञान 'पोहोचवतो' तेव्हा तो शेतकऱ्याला जाणता माणूस मानतो की रिकामे भांडे? हा प्रश्न आपल्याकडे बहुधा तत्त्वज्ञानाच्या पातळीवरच चर्चिला गेला. तो एखाद्या प्रत्यक्ष कागदाला लावून पाहिला, तर त्याची धार कळते. कागद कोणी लिहिला, कोणत्या भाषेत लिहिला, तो किती दिवस दाबून ठेवला, लोकांना वाचायला किती दिवस दिले आणि त्यांच्या उत्तरांचे पुढे काय केले, हे तपासायला हवे. प्रस्तुत लेखात अशा तपासणीसाठी पश्चिम घाट परिस्थितिकी तज्ज्ञ समितीचा, म्हणजे सर्वसामान्यांच्या तोंडी असलेला 'गाडगीळ अहवाल', आणि त्याच्या पाठोपाठ आलेली कागदपत्रे घेतली आहेत. गोवा, सिंधुदुर्ग आणि बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुका हा सलग मराठी-कोकणी बोलणारा पट्टा या कागदपत्रांच्या थेट कक्षेत येतो. म्हणून या पट्ट्यातील अध्यापकांसाठी हे उदाहरण घरचेच आहे.

अहवाल बाहेर कसा आला

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ४ मार्च २०१० रोजी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली ही समिती नेमली. समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल सादर केला. गुजरातपासून तामिळनाडूपर्यंत सहा राज्ये, सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटर क्षेत्र आणि १४२ तालुके इतका त्याचा आवाका होता. संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याचे तीन श्रेणींत विभाजन करावे, प्रत्येक श्रेणीत काय चालेल आणि काय चालणार नाही याची प्राथमिक सूची द्यावी, आणि ही सूची ग्रामसभांपर्यंत नेऊन त्यांच्या अभिप्रायानंतरच पक्की करावी, अशी त्याची मूळ रचना होती. हा शेवटचा भाग नीट लक्षात घेतला पाहिजे, कारण पुढील सगळ्या गदारोळात तोच हरवला. अहवाल स्वतःला निर्णय म्हणवत नव्हता, तो चर्चेचा पहिला खर्डा होता.

चर्चेसाठी लिहिलेला हा खर्डा मंत्रालयाने जवळजवळ नऊ महिने प्रसिद्धच केला नाही. केरळमधील एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात त्याची मागणी केली. अहवाल अद्याप अंतिम नाही आणि तो उघड केल्यास राज्याच्या आर्थिक हितसंबंधांना बाधा येईल, अशी भूमिका मंत्रालयाने घेतली. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी ९ एप्रिल २०१२ रोजी अहवाल खुला करण्याचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १७ मे २०१२ रोजी मंत्रालयाची याचिका फेटाळली, आणि त्यानंतर काही दिवसांतच अहवाल संकेतस्थळावर आला. पाचशेहून अधिक पानांचा, संपूर्ण इंग्रजीत. सूचना व हरकतींसाठी मुदत होती ४५ दिवसांची.

येथे माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील एका फारशा न वाचल्या जाणाऱ्या कलमाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. या कायद्याची चर्चा अर्ज, अपील आणि दंड यांभोवतीच फिरते. परंतु २००५ च्या या कायद्याचे कलम ४ अर्ज न करताच माहिती देण्याविषयी आहे. महत्त्वाची धोरणे आखताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी, असे त्यात म्हटले आहे. त्याच कलमाचे चौथे उपकलम पुढे जाऊन सांगते की माहितीचा प्रसार करताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक संपर्कपद्धती यांचा विचार करावा. सूचनाफलक, वर्तमानपत्रे, जाहीर घोषणा यांचाही उल्लेख तेथे आहे. म्हणजे दवंडीला कायद्यात जागा आहे. अहवालाच्या बाबतीत न्यायालयाच्या आदेशाने कुलूप तेवढे उघडले. दवंडी पिटण्याचे काम कोणी केले नाही.

'मसुदा' या शब्दाचा मागोवा येथे उद्बोधक ठरेल. अरबीतील मुसव्वदा म्हणजे काळा केलेला, गिरवून-खोडून ठेवलेला कागद. त्याची स्वच्छ प्रत नंतर निघायची. उर्दू जाणणाऱ्या वाचकाला 'हरकत' या शब्दाचा मूळ अर्थ हालचाल असा आहे, हेही ठाऊक असते. शासकीय मराठीत मात्र मसुदा म्हणजे छापून आलेली अधिसूचना आणि हरकत म्हणजे तिच्याविरुद्धची तक्रार असा अर्थ रूढ झाला. ज्यावर इतरांनी शाई सांडावी असा कागद आणि त्या कागदात होणारी हालचाल, ही दोन्ही शब्दांतील मूळ सूचना व्यवहारातून गेली. अर्थात हा दोष मराठीचा नव्हे. इंग्रजी व हिंदी राजपत्रांतही मसुद्याला हाच रुक्षपणा आला आहे.

अहवाल संवादक म्हणून कितपत यशस्वी

मंत्रालयाला दोष देऊन थांबणे सोपे आहे. मात्र समीक्षेने अहवालाच्या मजकुराकडेही पाहिले पाहिजे. गाडगीळ स्वतः मराठी दैनिकांतून सातत्याने आणि अत्यंत सुबोध लिहिणारे शास्त्रज्ञ. लोकांचे निसर्गज्ञान ज्ञान म्हणून मोजले पाहिजे, हा आग्रह त्यांनी अनेक दशके धरला. असे असूनही त्यांच्या समितीने जी मांडणी निवडली, ती गावकऱ्याला कळेल अशी नव्हती.

समितीने घाटाचे सुमारे नऊ बाय नऊ किलोमीटरचे चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनाला परिस्थितिकीय महत्त्वाचे गुण दिले आणि त्यावरून श्रेणी ठरवल्या. वैज्ञानिक पद्धत म्हणून ती पारदर्शक होती. गुण कसे दिले ते अहवालात मांडलेले आहे आणि कोणालाही तपासता येते. अडचण अशी की चौकोन गावाची शीव ओळखत नाही. प्रशासकीय सोयीसाठी समितीने श्रेणी तालुक्याला लावल्या. परिणामी एकाच तालुक्यातील डोंगरमाथा आणि बाजारपेठ एका श्रेणीत गेली. सर्वे नंबर, सात-बारा किंवा गोव्यातील एक-चौदाचा उतारा हे ज्याचे जमिनीशी बोलण्याचे साधन आहे, त्या माणसाला अहवालाच्या नकाशात स्वतःचे शेत सापडत नव्हते. प्राथमिक श्रेणी तालुक्याच्या पातळीवर लावून त्यापुढील बारकावे ग्रामसभांनी ठरवावेत असा समितीचा हेतू होता. परंतु हेतू प्रस्तावनेत राहिला आणि नकाशा वर्तमानपत्रात छापून आला.

दुसरी अडचण तक्त्यांची. शेती, जंगल, खाणकाम, ऊर्जा, रस्ते, पर्यटन, घनकचरा अशा ओळी आणि तीन श्रेणींचे तीन रकाने असा तो विस्तृत तक्ता आहे. त्यात मनाई आहे तसे प्रोत्साहनही आहे. सेंद्रिय शेतीकडे वळणाऱ्यांना साहाय्य, जमिनीत कार्बन साठवणाऱ्यांना मोबदला, स्थानिक वाण टिकवणाऱ्यांना मदत अशा सूचना आहेत. सर्वाधिक संवेदनशील श्रेणीत शेतजमीन बिगरशेती करण्यास मनाई सुचवली आहे, पण गावातील लोकसंख्यावाढीमुळे गावठाण विस्तारावे लागले तर त्याचा अपवाद त्याच वाक्यात नोंदवला आहे. वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचून सभा तापवता येते. दुसरा भाग वाचून दाखवणारा कोणी सभेत नसेल, तर तापलेली सभा निवत नाही. तक्त्याचा क्रम उलटा असता, म्हणजे आधी काय मिळेल आणि मग काय सोडावे लागेल असे लिहिले असते, तर त्याचे वाचन निराळे झाले असते.

केरळात नेमके हेच घडले. डोंगराळ जिल्ह्यांत अहवालामुळे लोकांना हुसकावले जाईल, घरे बांधता येणार नाहीत अशा वदंता पसरल्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये कण्णूर जिल्ह्यातील कोट्टियूर परिसरात हिंसाचार झाला आणि वनखात्याच्या मालमत्तेची जाळपोळ झाली. या सगळ्याला केवळ गैरसमज म्हणून बाजूला सारणे मात्र अन्यायाचे होईल. तेथे पिढ्यानुपिढ्या कसणाऱ्या, तरीही जमिनीचा पट्टा न मिळालेल्या शेतकऱ्यांची भीती खरी होती. वनखात्याचा त्यांचा पूर्वानुभव चांगला नव्हता, आणि खाण-खदान व्यावसायिकांनी त्या भीतीचा उपयोग करून घेतला. भाषांतर झाले असते तर विरोध मावळला असता, असा दावा करता येणार नाही. हितसंबंध भाषांतराने विरघळत नाहीत. पण विरोध अहवालात असलेल्या गोष्टींना झाला असता, नसलेल्या गोष्टींना झाला नसता. सहभागी विकासात संवादाकडून इतकीच अपेक्षा आहे आणि ती थोडी नव्हे.

महाराष्ट्रातील स्थिती वेगळ्या प्रकारे बोलकी आहे. राज्य शासनाने संकेतस्थळावर ठेवलेला मराठी सारांश मूळ अहवालाचा विपर्यास करणारा असल्याचा आक्षेप खुद्द गाडगीळ यांनी जाहीरपणे घेतला. मूळ मजकूर इंग्रजीत आणि सारांश मराठीत अशी विभागणी झाली की सारांश करणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता येते, हे यावरून दिसते. याच सिंधुदुर्गात सावंतवाडी व दोडामार्ग तालुक्यांतील २५ गावांच्या ग्रामसभांनी, खाणींच्या भीतीने, आपला भाग संवेदनशील म्हणून घोषित करावा असे ठराव केले होते आणि त्याची नोंद समितीच्या अहवालात आहे. तात्पर्य, लोकांना संवर्धन नको असते हा सिद्धान्त कोकणपट्टीने अहवाल येण्यापूर्वीच खोटा ठरवला होता. गावाने स्वतः बोललेला शब्द आणि गावावर बोललेला शब्द यांत फरक असतो, आणि तो फरक त्या २५ ठरावांत स्पष्ट आहे.

१,७५० प्रतिसादांचे गणित

१७ ऑगस्ट २०१२ रोजी मंत्रालयाने के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय कार्यगट नेमला आणि त्याने १५ एप्रिल २०१३ रोजी अहवाल दिला. गाडगीळ अहवालावर आलेल्या १,७५० प्रतिसादांपैकी ८१ टक्के प्रतिकूल असल्याची नोंद कार्यगटाने घेतली. पुढे हा आकडा लोकमताचा कौल म्हणून वापरला गेला.

संशोधनपद्धती शिकवणाऱ्या कोणाही अध्यापकाला हा आकडा खटकायला हवा. पश्चिम घाटात कोट्यवधी लोक राहतात. त्यांच्यापैकी ज्यांना इंग्रजी येते, ज्यांच्याकडे २०१२ मध्ये इंटरनेट होते, ज्यांना पाचशे पाने वाचण्याची सवड किंवा गरज होती आणि ज्यांना लेखी अभिप्राय पाठवता येतो, त्यांनीच प्रतिसाद दिला. हा नमुना यादृच्छिक नाही, प्रातिनिधिकही नाही. तो स्वतःहून पुढे आलेल्यांचा नमुना आहे. अशा नमुन्याची टक्केवारी काढता येते, पण तिच्यावरून समूहाबद्दल अनुमान काढता येत नाही, हे पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवले जाते. ग्रामसभांचे ठराव मागवले असते तर उत्तर कदाचित प्रतिकूलच आले असते, कदाचित नसते. ते मागवलेच गेले नाहीत. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर टक्केवारीत देण्याची ही पद्धत भारतीय पर्यावरण-प्रशासनात अपवादात्मक नाही, हे मात्र खेदाने नोंदवावे लागते.

कस्तुरीरंगन कार्यगटाने उपग्रह-प्रतिमांच्या आधारे घाटाचे 'नैसर्गिक' आणि 'सांस्कृतिक' असे दोन भूप्रदेश केले आणि सुमारे ३७ टक्के, म्हणजे जवळपास ६०,००० चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील ठरवले. या वेळी एकक गाव होते आणि गावांची यादी सोबत होती. संवादाच्या दृष्टीने ही सुधारणाच म्हणावी लागेल, कारण आपले नाव यादीत आहे की नाही हे निदान कळत होते. पण उपग्रहाला काजूची बाग आणि जंगल यांतील फरक नेहमी दिसतोच असे नाही, आणि हिरवे दिसते ते सर्व नैसर्गिक मानण्यात शेकडो वर्षे राखलेल्या देवरायांचा, कुमेरी शेतीचा, कुळागरांचा इतिहास पुसला जातो. ज्याला कार्यगट 'नैसर्गिक' म्हणतो त्याचा मोठा भाग माणसाच्या हाताने राखलेला आहे. गाडगीळ अहवालाची श्रेणीबद्ध, खालून वर जाणारी रचनाही येथे बाजूला पडली. चौकोनाची जागा गावाने घेतली, पण ग्रामसभेची जागा कोणी घेतली नाही.

गोव्याचा अर्धवट प्रयोग

याला पर्याय होता का, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. गोव्यात २००६ साली अधिसूचित झालेल्या प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध मोठे जनआंदोलन उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये शासनाला तो मागे घ्यावा लागला. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा प्रमुख सहभाग असलेल्या कृतिगटाने प्रादेशिक आराखडा २०२१ तयार केला. २००८ मध्ये त्याचा मसुदा आला तेव्हा नकाशे पंचायतींकडे पाठवले गेले, गावपातळीवर समित्या झाल्या, ग्रामसभांत चर्चा झाल्या.

या प्रक्रियेचे वैशिष्ट्य माध्यमात नव्हते. पंचायत कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला नकाशा हे काही नवे तंत्रज्ञान नव्हे. पण त्या नकाशावर गावकऱ्याला आपला सर्वे नंबर सापडत होता, नाला कुठे चुकला आहे ते दाखवता येत होते, खाजन शेताला वसाहत म्हणून रंग दिला असेल तर बोट ठेवता येत होते. अनेक गावांत निवृत्त शिक्षक, वास्तुशास्त्राचे विद्यार्थी, पाडेली, मच्छीमार एकाच टेबलाभोवती नकाशा वाचत बसले. फ्रेरे यांना अभिप्रेत असलेला संवाद भारतात कोणत्या नियोजन-प्रक्रियेत दिसला असे विचारले तर गोव्यातील त्या दोन-तीन वर्षांकडे बोट दाखवावे लागेल. गाडगीळ समितीनेही या प्रक्रियेचा गौरवाने उल्लेख केला आणि ती शेवटपर्यंत, म्हणजे ग्रामसभांकडे पुन्हा परत जाऊन, नेली गेली नाही याबद्दल खंतही व्यक्त केली.

खंत खरीच ठरली. अंतिम आराखडे आले तेव्हा आपण सांगितले ते हे नव्हे, अशा तक्रारी अनेक गावांतून झाल्या. २०१२ मध्ये आराखडा स्थगित झाला. लोकांनी दिलेल्या सूचनांपैकी कोणती स्वीकारली, कोणती नाकारली आणि का, याचे गावनिहाय उत्तर लोकांना मिळाले नाही. संवादशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात 'प्रत्याभरण' ग्राहकाकडून प्रेषकाकडे जाते असे बाण काढून दाखवतात. शासनाच्या बाबतीत बाण येथेच संपतो. खऱ्या सल्लामसलतीत त्याच्यापुढे आणखी एक बाण लागतो, ऐकणाऱ्याने काय ऐकले ते सांगणाऱ्याला परत कळवण्याचा. मशविरा घेणारा माणूस सल्ला मानलाच पाहिजे अशा बंधनात नसतो, पण न मानल्याचे कारण देणे हा त्यातील शिष्टाचार आहे. गोव्याचा प्रयोग या शिष्टाचाराअभावी मोडला आणि पुढील काळात जमिनीच्या वापराविषयी तेथे जो अविश्वास दिसतो त्याची मुळे बऱ्याच अंशी येथे आहेत.

खानापूरची भाषा कोणती

मांडवीचा, म्हणजेच म्हादईचा, उगम खानापूर तालुक्यात आहे आणि ती खाली सत्तरीत उतरते. नदी एक, जंगल एक, बोली एकमेकींना कळणाऱ्या. पण मसुदा अधिसूचना वाचण्याच्या दृष्टीने या दोन तालुक्यांची परिस्थिती सारखी नाही.

मंत्रालयाने कस्तुरीरंगन अहवालावर आधारित मसुदा १० मार्च २०१४ रोजी काढला. तेव्हापासून ३१ जुलै २०२४ पर्यंत तो सहा वेळा निघाला. क्षेत्र सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यांपैकी सर्वाधिक २०,६६८ चौरस किलोमीटर कर्नाटकात आणि १,४६१ गोव्यात. सहावा मसुदा निघाला त्याच्या आदल्या दिवशी वायनाडमध्ये मुंडक्काई-चूरलमला येथे दरडी कोसळून शेकडो माणसे गेली होती. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार हरकतींसाठी राजपत्रातील प्रसिद्धीपासून ६० दिवस मिळतात. प्रकल्पांच्या पर्यावरण परवानगीसाठी २००६ च्या अधिसूचनेने निदान स्थानिक भाषेतील सारांश आणि जनसुनावणी बंधनकारक केली आहे. हजारो गावांना लागू होणाऱ्या या मसुद्याला तेवढेही बंधन नाही.

मसुद्यात नेमके काय आहे, हे पाहिले तर ते काही फार गुंतागुंतीचे नाही. खाणकाम, खदानी व वाळूउपसा यांवर बंदी आणि चालू खाणी पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करणे, नव्या औष्णिक वीजप्रकल्पांवर व अतिप्रदूषक उद्योगांवर बंदी, २०,००० चौरस मीटरहून मोठी बांधकामे आणि मोठ्या टाउनशिप यांना मनाई. असलेल्या राहत्या घरांच्या दुरुस्ती, विस्तार व नूतनीकरणावर निर्बंध नसल्याचेही त्यात म्हटले आहे. एवढा मजकूर मराठीत दोन पानांत बसतो. जांबोटी-कणकुंबी भागातील शेतकऱ्याला गोठा बांधायचा असेल तर यांपैकी कोणतेही कलम त्याच्या आड येत नाही. पण राजपत्र इंग्रजी-हिंदीत, राज्याचा पत्रव्यवहार कन्नडमध्ये आणि वाचणारा मराठी. मुस्लिम वस्त्यांत उर्दू शाळेतून शिकलेली पिढी वेगळी. ती या तिन्हींच्या बाहेर राहते.

येथे प्रश्न भावनेचा किंवा सीमावादाचा करण्याचे कारण नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या राष्ट्रीय पातळीवर मान्य झालेल्या संरक्षक तरतुदींत, जिल्हा किंवा त्याहून लहान पातळीवर १५ टक्के लोकांची भाषा असेल तर महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात असे आहे. खानापुरात मराठीचे प्रमाण त्याच्या कितीतरी वर आहे. माहिती अधिकाराचे कलम ४ आणि ही तरतूद शेजारी ठेवून वाचली, तर मराठी भाषांतर मिळणे ही मेहरबानी ठरत नाही.

न्यायालयांनीही या दिशेने पाऊल टाकले आहे. पर्यावरण आघात मूल्यांकनाचा २०२० चा मसुदा केवळ इंग्रजी व हिंदीत निघाला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत तो दहा दिवसांत भाषांतरित करण्याचा आदेश दिला. त्यात मराठी, कोकणी, कन्नड आणि उर्दू चारही आल्या. मंत्रालयाचा बचाव असा होता की कायद्याने इंग्रजी व हिंदी एवढेच आवश्यक आहे. कर्नाटक उच्च न्यायालयानेही ५ ऑगस्ट २०२० रोजी अंतिम अधिसूचना काढण्यास अंतरिम मनाई केली. एका मंत्रालयाला आपल्या नागरिकांशी त्यांच्या भाषेत बोलण्याविरुद्ध वकील उभा करावा लागतो, ही गोष्ट शाश्वत विकासाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात उदाहरण म्हणून लावण्याजोगी आहे.

नोंदवहीचा प्रश्न

महाविद्यालयीन अध्यापकांचा या विषयाशी सर्वांत जवळचा संबंध आला तो लोक जैवविविधता नोंदवहीच्या निमित्ताने. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिने लोकांशी बोलून तयार केलेली नोंदवही अपेक्षित आहे. गाडगीळ समितीचा भर ज्या गावपातळीवरील संस्थांवर होता त्यांत या समित्या होत्या. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि त्यानंतर राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे सांगितले. वर्षानुवर्षे न झालेले काम काही महिन्यांत झाले. अनेक ठिकाणी ते बाहेरच्या सल्लागारांकडे गेले, काही ठिकाणी वनस्पतिशास्त्र विभागांकडे.

दंडाच्या भीतीने भरलेल्या नोंदवहीचे मूल्यमापन करताना प्रजातींची संख्या मोजली जाते. संवादाच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी तपासाव्या लागतील. माहिती सांगणाऱ्यांत गवळी-धनगर वाड्यावरचा माणूस होता का, जंगलातून जळण आणणाऱ्या बाया होत्या का, मध गोळा करणारे होते का, की सरपंच आणि ग्रामसेवक यांच्याशी बोलून तक्ते भरले गेले? पूर्ण झालेली नोंदवही गावात वाचून दाखवली गेली का? ती कोणत्या लिपीत आहे? आपल्या पट्ट्यात एकच झाड मालवणकडे रातांबा, सत्तरीत भिरंड आणि घाटावर कन्नड शेजाऱ्याच्या तोंडी मुरुगलु होते. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका हे चौथे. नोंदवहीत स्थानिक नावासाठी स्वतंत्र रकाना आहे. खानापूर, सत्तरी आणि दोडामार्गच्या नोंदवह्या शेजारी ठेवून तो रकाना कोणी कसा भरला आहे हे पाहण्याचे काम एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका सत्रात करता येईल. त्यासाठी त्याला पंचायत कार्यालयातील कपाट उघडायला लावावे लागेल आणि नोंदवही तेथे आहे की तालुक्याच्या गावी, हे आधी शोधावे लागेल.